तर्काचा सराव : अन्नंभट्टापासून प्रवेशपरीक्षेपर्यंत

बारावीनंतर कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमास प्रवेश मिळविण्यासाठी ज्या परीक्षा द्याव्या लागतात, त्यांतील तार्किक अनुमानाच्या प्रश्नांविषयी मंचेरियल परिसरातील आपल्या मराठी घरांतून साधारणपणे दोन मते ऐकू येतात. पहिले मत असे की, हा सारा प्रकार परदेशातून आलेला आहे, शिकवणीवर्गांनी तो वाढविला आहे, आणि न्यायबुद्धीशी त्याचा फारसा संबंध नाही. दुसरे मत असे की, घरी मराठी, बाजारात तेलुगू, शाळेत इंग्रजी अशा तिहेरी ओढाताणीत वाढलेल्या आपल्या मुलांना हे प्रश्न सुटणे अवघडच. दोन्ही मते मनापासून मांडली जातात आणि दोहोंचा परिणाम एकच होतो : मूल अर्ज भरण्याआधीच वाट सोडते. म्हणून ही मते इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकतात, हे तपासून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पहिल्या मतात सत्याचा अंश आहे, हे आधीच मान्य केले पाहिजे. कायद्याच्या विद्यार्थ्याची निवड तर्कशक्तीच्या चाचणीने करावी, ही आजच्या स्वरूपातील कल्पना अमेरिकेतली. तेथील विधी महाविद्यालयांची सामायिक प्रवेशपरीक्षा १९४८ साली प्रथम घेतली गेली. तिचेच भारतीय रूप २००९ पासून येथेही घेतले जात असे. २०२४ ची परीक्षा ही त्या मालिकेतील अखेरची ठरली. आपल्याकडे बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यालयाचे वर्ग १९८८ साली सुरू झाले, हैदराबादचे ‘नालसार’ १९९८ साली स्थापन झाले, आणि अशा प्रत्येक संस्थेची प्रवेशपरीक्षा वेगळी असल्याने विद्यार्थ्यांस गावोगाव फिरावे लागे. त्यावर उपाय म्हणून सात विद्यापीठांनी मिळून ११ मे २००८ रोजी पहिली सामायिक परीक्षा, म्हणजे ‘क्लॅट’, घेतली. आरंभीच्या काळात तिच्यात दोनशे प्रश्न असत आणि अंकमालिका, नातेसंबंध, बैठकीचे क्रम अशा कोड्यांना मान असे. २०२० पासून तिचे रूप पालटले. आता साडेचारशे शब्दांच्या आसपासचा उतारा द्यावयाचा आणि त्यावर प्रश्न विचारावयाचे : लेखकाचा निष्कर्ष कोणता, तो कोणत्या गृहीतावर उभा आहे, कोणत्या नव्या माहितीने तो बळावेल, कोणत्या माहितीने दुबळा होईल. डिसेंबर २०२३ च्या परीक्षेपासून एकूण प्रश्न १२० झाले, वेळ १२० मिनिटेच राहिला.

बाह्य रूप असे नवे आहे. परंतु या प्रश्नांच्या गाभ्याशी जे आहे, ते ह्याच दख्खनच्या भूमीवर फार जुने आहे. इतके, की त्याचे सर्वांत सुटसुटीत पाठ्यपुस्तक लिहिणारा पंडित हा आपल्या तेलुगू शेजाऱ्यांचा पूर्वज होता. सतराव्या शतकातील अन्नंभट्ट हे आंध्र पंडित. मुलांना न्यायशास्त्र सुखाने कळावे एवढ्याच हेतूने त्यांनी ‘तर्कसंग्रह’ हे चिमुकले पुस्तक रचले आणि त्यावर स्वतःच ‘दीपिका’ नावाची टीका लिहिली. आज संस्कृत पाठशाळेत न्यायाचा श्रीगणेशा याच पुस्तकाने होतो. आणि या तेलुगू पंडिताच्या ग्रंथाची आधुनिक काळातील मान्यवर आवृत्ती सिद्ध केली ती मराठी विद्वानांनी : यशवंत वासुदेव आठल्ये यांनी संपादिलेली व महादेव राजाराम बोडस यांच्या प्रस्तावनेने युक्त अशी ती आवृत्ती १८९७ साली मुंबई संस्कृत ग्रंथमालेत निघाली. न्यायशास्त्राच्या पारिभाषिक शब्दांचा ‘न्यायकोश’ही भीमाचार्य झळकीकरांनी मुंबईतच सिद्ध केला, आणि १९२८ साली वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेली त्याची आवृत्ती पुण्याच्या भांडारकर संस्थेने प्रसिद्ध केली. मराठी आणि तेलुगू यांची गाठ तर्काच्या अंगणात अशी पूर्वीच पडलेली आहे.

आता आजच्या प्रश्नांशी या शास्त्राचा मेळ कसा बसतो ते पाहू. न्यायशास्त्राचे नेहमीचे उदाहरण सर्वांस ठाऊक आहे : पर्वतावर अग्नी आहे, कारण तेथे धूर दिसतो, जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात, हा पर्वतही तसाच धूरयुक्त, म्हणून तेथे अग्नी आहे. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन ही पाच अंगे झाली. याच विधानाची उलटापालट करून ‘जेथे अग्नी तेथे धूर’ असे कोणी म्हणाला, तर नैयायिक त्याच्यापुढे तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा ठेवतो. तेथे अग्नी आहे, धूर नाही. सिंगरेणीच्या कोळशाच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्या लोकांस तर गोळ्याचीही गरज नाही. फुललेला निखारा धूर देत नाही, हे शेगडीपुढे बसलेल्या कोणत्याही आजीस ठाऊक असते. मग अग्नीवरून धुराचे अनुमान केव्हा बरोबर ठरेल? इंधन ओले असेल तेव्हा. ही जी न सांगितलेली अट, तिला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात.

प्रवेशपरीक्षेतील ‘हा युक्तिवाद कोणत्या गृहीतावर अवलंबून आहे’ हा प्रश्न उपाधीच्या शोधाशी जवळचे नाते सांगतो. समजा, उताऱ्यात असे आहे : ‘गोदावरीला मोठा पूर आला की घाटावरची यात्रा भरत नाही. यंदा यात्रा भरली नाही. म्हणजे यंदा मोठा पूर आला असला पाहिजे.’ या अनुमानास आधार मिळण्यासाठी लेखकाने मनात काय धरले आहे? यात्रा न भरण्यास पुराखेरीज दुसरे कारण असू शकत नाही, हे. ते धरलेले बोटाने दाखविता आले की प्रश्न सुटला. ‘यंदा साथीच्या रोगामुळे यात्रेस मनाई होती’ असे दुसरे विधान पर्यायांत दिसले, तर तेच या युक्तिवादास दुबळे करणारे विधान होय. तोडीस तोड असा विरोधी हेतू उभा राहिला म्हणजे मूळ हेतू ‘सत्प्रतिपक्ष’ झाला, असे जुने लोक म्हणत. हेतू इतरत्रही भलतीकडे आढळत असेल तर तो ‘सव्यभिचार’, मुळात सिद्धच नसेल तर ‘असिद्ध’. हेत्वाभासांची ही नावे मुलांनी परीक्षेत लिहावयाची नाहीत; परंतु दोषाला नाव असले की तो पुढच्या वेळी लवकर ओळखू येतो, हा शिकविणाऱ्यांचा जुना अनुभव आहे.

संस्कृत न येणाऱ्या सामान्य मराठी माणसापर्यंतही ही दृष्टी पोचली होती. ज्ञानेश्वरीच्या आरंभीच्या गणेशरूपकात तर्काला परशूचे स्थान दिले आहे, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. महानुभावांच्या ‘दृष्टांतपाठा’त आधी सूत्र, मग दृष्टांत आणि शेवटी दार्ष्टांतिक अशी मांडणी आहे. गोष्ट सांगून भागत नाही. गोष्टीतील कोणता अंश प्रस्तुत विषयास लागू पडतो, हे वेगळे सांगावे लागते. आजच्या परीक्षेत ‘पुढीलपैकी कोणती परिस्थिती उताऱ्यातील युक्तिवादाशी समांतर आहे’ असे विचारतात, तेव्हा मुलाने दार्ष्टांतिकच शोधावयाचे असते.

न्यायदानात या सवयीचा उपयोग कसा होई, याचे दाखले मराठेशाहीच्या निवाडपत्रांत आहेत. वादी काय म्हणतो, प्रतिवादी काय म्हणतो, कोणी कोणता कागद दाखविला, साक्षीदारांनी काय सांगितले, हे क्रमाने लिहून मग निवाडा येतो. लिखित, भुक्ती म्हणजे भोगवटा, आणि साक्षी अशी प्रमाणांची त्रयी याज्ञवल्क्यस्मृतीने घालून दिली होती. तिच्यावरील विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’ दख्खनमध्येच, चालुक्यांच्या कल्याणीत लिहिली गेली. त्याच व्यवस्थेत अग्निदिव्यासारखे प्रकारही होते, हे विसरून चालणार नाही. कागद आणि साक्षी जेथे संपत, तेथे तर्कही संपे आणि तापलेले लोखंड हाती दिले जाई. आमची परंपरा सर्वस्वी तर्काची होती असे म्हणणाऱ्यांनी हेही पान उलटावे.

आणखी एक पान उलटणे भाग आहे. हे शास्त्र शिकण्याचा अधिकार फार थोड्यांस होता. स्त्रिया आणि बहुसंख्य जाती पाठशाळेच्या दाराबाहेरच राहिल्या. तरी तर्क दाराबाहेर राहिला नाही. ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली, तिची युक्ती पाहावी : स्त्रियांवर जे दोष लादले जातात ते एकेक घ्यावयाचे आणि तेच पुरुषांत आहेत की नाहीत ते विचारावयाचे. तोच दोष दोघांत असून दंड एकालाच होत असेल, तर दंडाचे सांगितलेले कारण खरे कारण नव्हे. कोणत्याही परीक्षेच्या उताऱ्यात शोभेल असा हा युक्तिवाद आहे. आणि नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ साली ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली, तरी स्त्रियांना वकिलीची मोकळीक देणारा कायदा होण्यास १९२३ साल उजाडावे लागले. परीक्षा उत्तीर्ण होणे आणि दार उघडणे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

आता आपल्या भागाकडे वळू. निजामाच्या राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यायालयांतील फारसीची जागा उर्दूने घेतली, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणही उर्दूतून होऊ लागले. त्या काळातील मराठी वकील मराठीत विचार करी, उर्दूत अर्ज लिही आणि पक्षकाराशी कधी तेलुगूत, कधी कानडीत बोले. परभणीकडून आलेले केशवराव कोरटकर याच व्यवस्थेत वकील म्हणून नावारूपास आले, हैदराबादच्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले, आणि ‘विवेकवर्धिनी’सारख्या मराठी शिक्षणसंस्थेच्या उभारणीत अग्रभागी राहिले. भाषा परकी असली म्हणून त्यांच्या पिढीचा युक्तिवाद लंगडा पडला नाही.

गोदावरीच्या पलीकडच्या मंथनीचे उदाहरण तर अगदी घराजवळचे आहे. या मतदारसंघातून १९५७ पासून वीस वर्षे विधानसभेवर राहिलेले पी. व्ही. नरसिंह राव हे १९३८ च्या ‘वंदे मातरम्’ चळवळीमुळे हैदराबाद संस्थानात शिक्षणास मुकले. त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि मग नागपूर विद्यापीठात, तेही कायद्याचे, शिक्षण पुरे केले. पुढे त्यांनी हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी तेलुगूत आणली. तेलुगू घरातील मुलाने मराठी मुलखात जाऊन परक्या भाषेत कायदा शिकावा आणि परतताना ती भाषाही आपली करावी, हे घडले आहे. मराठी घरातील मुलाला तेलुगू मुलखात तसे करता येणार नाही, असे मानण्यास आम्हांस हेतू सापडत नाही.

तरीही तर्काच्या सरावाची खरी गरज आपल्याला का आहे, हे सांगण्यासाठी १९५५-५६ चा प्रसंग घेतला पाहिजे, कारण त्या प्रसंगाने आपल्या घराण्यांचे पत्ते ठरविले. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल सप्टेंबर १९५५ मध्ये आला. त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी भाषिक राज्यांविषयीचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्यात एक भेद स्पष्ट केला. ‘एका राज्यात एक भाषा’ हे एक तत्त्व. ‘एका भाषेचे एकच राज्य’ हे निराळे तत्त्व. पहिले मान्य केल्याने दुसरे मान्य करावे लागत नाही. धूर आणि अग्नी यांची अदलाबदल करणाऱ्यास नैयायिकाने जे सांगितले असते, तेच त्यांनी एका राष्ट्रीय प्रश्नाच्या संदर्भात सांगितले. मराठी भाषकांची चार राज्ये करावीत ही त्यांची सूचना कोणास पटो वा न पटो, हा भेद मात्र निर्विवाद आहे. पुढे २ जून २०१४ रोजी तेलंगण वेगळे झाले आणि तेलुगू भाषेची दोन राज्ये झाली, तेव्हा तो भेद आपण डोळ्यांनी पाहिला.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी आदिलाबाद जिल्ह्यातील राजुरा आणि किनवट हे तालुके, तसेच बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ मुंबई राज्यात गेले. उलट नांदेड जिल्ह्यातील मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळे इकडे राहिली. रेषा तालुक्याच्या खाली उतरून मंडळांतून फिरली. त्या रेषेच्या अलीकडे राहिलेल्या मराठी माणसांत तेव्हापासून एक युक्तिवाद पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे : ‘राज्य तेलुगू भाषकांचे झाले, आपण मराठी, म्हणून येथील न्यायालय, कचेरी, विधिमंडळ हे आपले क्षेत्र नव्हे.’ दुकान, शेती, नोकरी यांत आपण रमलो. वकिलीकडे पाठ फिरविली. हा युक्तिवाद उताऱ्यात आला असता, तर सराव केलेल्या मुलाने त्याचे न सांगितलेले गृहीत क्षणात दाखविले असते. राज्याची बहुसंख्यांची भाषा आणि नागरिकाचा अधिकार या दोन गोष्टी एकच आहेत, असे त्यात धरले आहे. केशवरावांच्या उर्दू न्यायालयाने ते गृहीत फार पूर्वीच खोटे पाडले होते.

आता दुसऱ्या मताचा विचार करू. भाषेची अडचण खोटी नाही. क्लॅट ही परीक्षा इंग्रजीतच होत आली आहे. ती भारतीय भाषांतून घ्यावी यासाठी २०२३ साली दिल्ली उच्च न्यायालयात याचिकाही झाली. तेलंगणाच्या राज्यपरीक्षेची प्रश्नपत्रिका इंग्रजीसोबत तेलुगू वा उर्दूत मिळते, मराठीत मिळत नाही. महाराष्ट्राची कायदा प्रवेशपरीक्षा २०१६ पासून होते आणि ती मराठीतूनही देता येते. म्हणजे आपल्या मुलाला स्वतःच्या भाषेतील तार्किक प्रश्न हवा असेल, तर त्याने बल्लारशाहच्या दिशेची गाडी धरून सीमा ओलांडली पाहिजे. ही तक्रार रास्त आहे आणि ती योग्य त्या ठिकाणी मांडलीही पाहिजे. परंतु ‘उतारा कळण्यास वेळ लागतो’ यावरून ‘तर्क जमत नाही’ हे सिद्ध होत नाही. पहिल्या दुखण्यास वाचन हा उपाय आहे, दुसऱ्यास तर्काचा सराव. निदान चुकले तर औषधही चुकते. मुलाला तोच युक्तिवाद आधी मराठीत सांगून पाहावा. तेथे त्याला दोष दिसला आणि इंग्रजीत दिसला नाही, तर दुखणे कोठे आहे ते कळले.

सरावाची रीतही याच विचारातून ठरते. आरंभी घड्याळ बाजूला ठेवावे. प्रत्येक उताऱ्यातील निष्कर्ष एका ओळीत मराठीत लिहावा, त्याखाली हेतू, त्याखाली न सांगितलेले गृहीत. बरोबर उत्तर आले तरी उरलेले तीन पर्याय का चुकीचे, ते तोंडी सांगता आले पाहिजे. पर्यायातील ‘सर्व’, ‘काही’, ‘केवळ’, ‘नेहमी’ या शब्दांवर बोट ठेवावे. ‘काही’वरून ‘सर्व’वर उडी मारणारा पर्याय बहुधा फसवा असतो. आपल्याला बाहेरून ठाऊक असलेली माहिती दाराबाहेर ठेवावी, कारण प्रश्न उताऱ्यातून काय निघते हा आहे, जगात खरे काय हा नव्हे. ही तीन-चार महिन्यांची सवय झाली की मग एका प्रश्नास एक मिनिट हे गणित मांडावे. क्लॅटमध्ये चुकीच्या उत्तरास पाव गुण कापला जातो. चार पर्यायांत डोळे मिटून खूण केली, तर सरासरीने गुणाचा सोळावा हिस्सा पदरी पडतो. एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तर हीच सरासरी सहाव्या हिश्शापर्यंत चढते. अंदाजालाही तर्काचा आधार मिळाला की त्याची किंमत वाढते ती अशी.

अन्नंभट्टांविषयी पंडितांत एक म्हण रूढ आहे. केवळ काशीला जाऊन आल्याने कोणी अन्नंभट्ट होत नाही, असा तिचा आशय. शिकवणीवर्गाची मोठी फी भरू शकणाऱ्या आणि न भरू शकणाऱ्या, अशा दोन्ही घरांनी तो ध्यानात ठेवण्याजोगा आहे. काशी उपयोगाची नाही असे म्हण सांगत नाही. ती पुरेशी नाही एवढेच सांगते.

या सरावासाठी लागणारे एक साहित्य आपल्या घरांत आयते पडून आहे, याकडे शेवटी वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. अनेक घरांच्या पेट्यांत आजोबा-पणजोबांचे मोडीतील वा उर्दूतील खरेदीखत, वाटणीपत्र, पावत्या जपून ठेवलेल्या आहेत, आणि त्यांच्या आधारे ‘हे शेत आपलेच’ अशा गोष्टी सांगितल्या जातात. हे कागद वाचवून घ्यावेत आणि घरातील तरुण मुलामुलींपुढे ठेवून त्यांस तीन प्रश्न विचारावेत : कागदात प्रत्यक्ष काय लिहिले आहे? त्यावरून अवश्य काय निघते? आणि आपण घरी जे सांगत आलो, त्यातील किती भाग या कागदाबाहेरचा आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर काही घरांस रुचणार नाही. परंतु ते उत्तर कोर्टात विरुद्ध पक्षाच्या वकिलाकडून ऐकण्यापेक्षा स्वतःच्या नातीकडून ऐकलेले बरे; आणि ते देताना जी नात कचरली नाही, तिचा प्रवेशअर्ज भरून देण्यास विलंब करू नये.